ताळेबंदात न आलेलं एक देणं
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण)



पंचवीस वर्षांचा जमाखर्च सांगा, असं कमिटीने मला सुचवलं. मी बँकेतला माणूस, त्यात आठ-नऊ वर्षं सोसायटीचा खजिनदार. पण आकडे अहवालात आहेतच. मी आज एका माणसाबद्दल बोलणार आहे. त्यांचं नाव घेत नाही, कारण निम्म्या सोसायटीला ते माहीतच नव्हतं. आपल्या सगळ्यांचे ते सुतारकाका.

काका देवगड तालुक्यातले, विजयदुर्गच्या बाजूचे. तिथे गिर्ये गावात मराठा आरमाराची खडकात खोदलेली गोदी आजही आहे. त्या खाडीकाठी त्यांचे वडील मासेमारीच्या होड्या बांधत. कागदावर नकाशा नाही. सगळा हिशेब नजरेत आणि दोरीत. वयाच्या दहाव्या वर्षी काकांच्या हातात वाकस आलं.

साठच्या दशकात आपल्या पिंपरी-चिंचवडला एकेक कारखाना उभा राहत होता. विशीतले काका पत्र्याची पेटी घेऊन एसटीने इथे आले आणि एका मोठ्या कारखान्यात पॅटर्न शॉपला लागले. आधी लाकडाचा हुबेहूब पॅटर्न करायचा, तो वाळूत दाबायचा आणि त्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. काका मला समजावून सांगत, “लोखंड थंड होताना मीटरला साधारण १० मिलिमीटर आकसतं. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवायचा.” त्यांची मोजपट्टीसुद्धा तशी वेगळी, मुळातच थोडी लांब. पुढे धातूचे आणि रेझिनचे पॅटर्न आले, सीएनसी यंत्रं आली. गावाकडे फायबरच्या होड्या आल्या. एका आयुष्यात दोन्हीकडची कला मागे पडताना त्यांनी पाहिली. पण तक्रार कधी ऐकली नाही.

निवृत्त होऊन ते मुलाकडे आपल्या सोसायटीत राहायला आले. तेव्हा बिल्डरने हॉलला दारसुद्धा नीट बसवून दिलं नव्हतं. काकांनी दार बसवलं, कडुनिंबाखालचे दोन बाक केले आणि गणपतीचं मखर केलं. सतरा तुकडे, एकही खिळा नाही! प्रत्येक तुकड्यामागे त्यांच्या हातचा आकडा आहे. आपली मुलं दर वर्षी तेच आकडे वाचून मखर जोडतात. मजुरी विचारली, तर म्हणाले, “चहा पाजा.”

आता मुद्द्याचं. २००६ साली दोन सभासदांची तक्रार आली. पार्किंगमध्ये दुपारी ठोकाठोक होते, भुसा उडतो. तक्रार खोटी नव्हती. एका घरात दम्याचं पोर होतं. कमिटीने नोटीस काढली : “सोसायटीची जागा व्यवसायासाठी वापरू नये.” खाली सही माझी. व्यवसाय! ज्या माणसाने एक रुपया घेतला नाही, त्याला आम्ही हे लिहिलं. वेळ ठरवून देता आली असती, दुसरी जागा देता आली असती. कोणाला सुचलं नाही. मलाही नाही.

काकांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि भुसा झाडून काढला. रंधा, पटाशी, करवत सगळं माळ्यावर गेलं. मग ते बाकावर नुसते बसून असायचे. वर्षभरात काकूंना घेऊन गावी गेले.

२०११ साली आम्ही उभयता कुणकेश्वरला गेलो, तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून त्यांना भेटलो. खाडीकाठी एक जुनी होडी पालथी घालून सत्तरीतले काका फळ्यांच्या फटीत कापूस भरत होते. शेजारी गावातली दोन मुलं बघून शिकत होती. चहा घेताना मी धीर करून म्हटलं, “काका, त्या नोटिशीवर सही माझी होती.” ते हसले. म्हणाले, “सायबानू, होडी पाण्यात असली तर सांधे घट ऱ्हवतत. किनाऱ्यार पडान ऱ्हवली काय सुकता नि भेगा पडतत. माझा थय तसाच झालेला.”

एवढंच. रागाचा शब्द नाही. २०१६ साली ते गेल्याचा फोन आला.

गेल्या गणपतीत मखराचा सात नंबरचा तुकडा तडकला. आपण तो दोरीने बांधून वेळ मारून नेली, कारण दुरुस्त करणारं कोणी नाही. आज आपल्याकडे निवृत्त टर्नर आहेत, फिटर आहेत, वायरमन आहेत. सकाळी तेही त्याच बाकावर बसलेले दिसतात.

म्हणून येत्या वार्षिक सभेत मी एक ठराव मांडणार आहे. पंपरूमशेजारची रिकामी खोली कामाची खोली म्हणून द्यावी. वेळ सकाळी १० ते १, दुपारी पूर्ण शांतता. एक टेबल, एक शेगडा आणि भिंतीला हत्यारं. पहिलं काम सात नंबरचा तुकडा. टेबलाचा खर्च मी देईन. सोसायटीच्या खात्यावर नको.

हे देणं माझं आहे. ते फेडायला तुमचं मत हवं.