पोरगा बेळगावात, बाप सुलैबियात



कुवेत शहरातून जहराच्या बाजूला निघालं की सुलैबिया लागतं. गोदामं, भाजीची शेतं, देशाचा मोठा तुरुंग आणि भाजीपाल्याचा घाऊक बाजार. या बाजाराला इथं फुर्दा म्हणतात. तिथल्या एका कोल्ड स्टोअरमध्ये मी माल उतरवून घेतो, गोण्या मोजतो, नोंदी ठेवतो. बायको आणि मुलं सातारा जिल्ह्यात, गावी. त्यातला थोरला अग्निवीर म्हणून बेळगावला, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात ट्रेनिंगला गेला. त्याबद्दल चार शब्द बोलायचे आहेत.

साताऱ्याकडे पोरगं भरती होणं ही काही बातमी नाही. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे गावाच्या नावापुढे लोक 'मिलिटरी' लावतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जण मारले गेले. मराठ्यांच्या पलटणी त्या युद्धात लढल्या, त्यातली एक मोठी आघाडी मी राहतो तिथून लांब नाही. नोव्हेंबर १९१४ मध्ये पुण्याची सहावी डिव्हिजन इराकमधल्या फाव इथं उतरली, तिनं बसरा घेतलं, बगदादच्या रोखानं पुढे गेली आणि मागे हटताना कुत गावात वेढली गेली. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी त्याच डिव्हिजनमधल्या. २९ एप्रिल १९१६ ला अन्न संपून शरणागती झाली. पुढे तुर्कांच्या कैदेत हजारो माणसं मेली. आमच्या बाजारातून उत्तरेला जाणारे ट्रक सरहद्द ओलांडून त्याच बसऱ्याकडे जातात. त्या शिपायांच्या घरी काय कळत असेल, केव्हा कळत असेल, हा विचार इतकी वर्षं इथं राहून मला कधी शिवला नव्हता. आता शिवतो.

खरं सांगायचं तर घर सोडून जाण्यात मी स्वतःला मुरलेला समजत होतो. दर सुट्टीनंतर एस.टी. स्टँडवर हात हलवायचा आणि निघायचं. निघणाऱ्याला धंदा असतो: बॅगेचं वजन, पासपोर्ट, मुंबईची गाडी चुकू नये. मागे राहणाऱ्याच्या हाताला काही नसतं, हे मला पोरगा गेल्यावर कळलं, आणि तेही दोन हजार मैलांवरून.

अग्निवीराचं वय साडेसतरापासून पुढे. अठरा पुरी नसतील तर अर्जावर आईबापाची सही लागते. मी इथं असल्यामुळे सही हिनं केली. फोन करून मला विचारलं नाही, सांगितलं. मी म्हणालो, "चारच वर्षांची नोकरी, त्यातून चौघांतल्या एकालाच पुढे घेतात." ती म्हणाली, "तुमचा व्हिसा तरी कुठं जन्माचा आहे?" यावर बोलायला मला काही सुचलं नाही.

बाजारात एक म्हातारा ड्रायव्हर आहे, बिदून. म्हणजे इथंच जन्मलेला, पण कुठल्याच देशाची कागदपत्रं नसलेला. १९९० च्या आधी कुवेतच्या सैन्यात साधे शिपाई बहुतेक याच लोकांमधले असत, हाही होता. पोराची बातमी सांगून मी त्याला पेढा दिला. त्यानं पहिलाच प्रश्न केला, "नागरिकत्व आहे ना त्याचं?" मी हसलो. तो हसला नाही. त्यानं ज्या देशासाठी वर्दी घातली, त्या देशाचं साधं ओळखपत्र त्याच्या मुलांना मिळालेलं नाही. माझ्या काळजीपेक्षा किती वेगळ्या काळज्या या बाजारात राहतात!

बेळगावात पोरांचे फोन जमा करून घेतात; बोलणं होतं ते रविवारी, उस्ताद, म्हणजे ट्रेनिंग देणारे, देतील तेवढा वेळ. इतर दिवशी मी घड्याळात अडीच तास मिळवत बसतो. तिकडे पहाटे पाचला पोरं मैदानात उतरतात तेव्हा इथं रात्रीचे अडीच, आमचे ट्रक लागायची वेळ.

रविवारी तो म्हणतो, "सगळं बरं आहे पप्पा, जेवण चांगलंय." हा आवाज मला पाठ आहे. इथं नवीन असताना एका खोलीत आम्ही कितीतरी जण, जूनची गरमी, अंगात ताप, आणि घरी फोनवर मी अगदी ह्याच सुरात "सगळं बरं आहे" म्हणत होतो. तेव्हा तो आईच्या मांडीवर बसून ऐकायचा. त्याला सलामी कशी द्यायची ते उस्ताद शिकवतील. हे मात्र तो घरून शिकून गेला आहे. म्हणून मी खोदून विचारत नाही. ही विचारते, तळपायाला फोड आलेत का ते सरळ विचारते, आणि तिला तो खरं सांगतो.

ट्रेनिंग संपताना पोरं शपथ घेतात त्या कसम परेडसाठी रजेचा अर्ज टाकलाय. रजा मिळाली तर गोव्याला उतरून थेट बेळगाव गाठायचं, असा माझा बेत. हिला तो मान्य नाही. आधी गावी या, म्हणते, मला आणि आत्याबाईंना घेऊन मग चला. सही मी केलीय, पुढच्या रांगेत मी बसणार.