गव्हाच्या कोवळ्या बर्बनविषयी

मका निदान 51 टक्के, आतून जाळलेलं नवं ओकचं पिंप, हे बर्बनचे नियम तुम्ही जाणताच. मला बोलायचंय ते राई (राय) या धान्याच्या जागी गहू घातलेल्या, दोन-चार वर्षांच्या, खिशाला परवडणाऱ्या बर्बनबद्दल. तिच्यावर अन्याय होतो, आणि तो चाखणारेच करतात.

ग्लास नाकाशी नेऊन आपण शोधतो काय? व्हॅनिला, कॅरॅमल, मुरलेलं लाकूड. हे सगळं पिंपाचं देणं. पिंपाला वेळच मिळाला नसेल तर ते येणार कुठून? कोवळ्या बर्बनमध्ये लाकूड शोधू नका, धान्य शोधा.

आपल्या घरचा तांदूळ घ्या. नव्या तांदळाचा भात मोकळा होत नाही म्हणून कुणी त्याला टाकून देतं का? मसालेभाताला जुना काढायचा आणि नव्याचा गुरगुट्या भात करायचा, वर तूप-मेतकूट. त्याचा चिकटपणा, त्याचा वास, हेच त्याचे गुण. आणि पाणी बेतानं. जुन्याच्या मापानं ओतलंत तर लगदा! इथेही तसंच, चमचाभर पाणी एकदम नको, थेंबाथेंबानं घाला आणि दर वेळी वास घ्या.

राई मिरमिरते, तिच्या आड कोवळेपणा बराचसा झाकला जातो. गहू मवाळ. मेकर्स मार्कमध्ये 70 टक्के मका, 16 टक्के गहू आणि 14 टक्के जवाचं माल्ट. लार्सनीमध्ये गहू 20 टक्के. म्हणजे गहू फार नसतोच. पण राई गेली की आडोसा गेला, आणि कोवळ्या मालात कच्च्या मक्याचा, भिजवलेल्या कणकेचा वास सरळ समोर येतो. तो दोष नव्हे. पुन्हा सांगते, धान्याचा वास हा दोष नव्हे.

मग दोष कोणता? ओतल्यावर दहा मिनिटं थांबा. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा भपकारा तरीही हटला नाही, तर गाळताना पहिली धार नीट वेगळी काढली नसावी. आणि एवढ्या कमी वयात जीभ आवळणारा तुरटपणा असेल, तर माल बहुधा लहान पिंपात ठेवलेला. लहान पिंपातून लाकूड झटकन उतरतं, पण मुरणं त्या वेगानं होत नाही. नव्या तांदळाला जुना म्हणून खपवायची ही खटपट. तिथे मात्र खुशाल नावं ठेवा.

लेबल वाचा हो, ते कुणी वाचतच नाही! ‘स्ट्रेट’ म्हणजे निदान दोन वर्षं, आणि वय चारच्या आत असेल तर ते छापावंच लागतं, असा अमेरिकेचा कायदा आहे. जी बाटली आपलं वय सांगूनच समोर येते, तिला पंधरा-वीस वर्षं मुरलेल्या पॅपी व्हॅन विंकलच्या मापानं मोजायचं? स्वच्छ आहे का, धान्य गोड लागतं का, घोट गिळल्यावर ती गोडी टिकते का, एवढं विचारा.

बर्फाबद्दलही बोलायचं होतं, पण समोरून खूण झालीय. एवढंच सांगते, पहिल्या चाखण्याला बर्फ नको, गारव्यानं धान्याचा वास दबतो. आणि ओल्ड फॅशन्ड करणार असाल तर साखर नेहमीपेक्षा निम्मी घाला, कारण राईची मिरमिर नसली की गोडाला आवरणारं दुसरं काही... असो, वेळ संपली.