वादळ, घर आणि विमा
(मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



गणेशोत्सवात विम्यावर भाषण म्हणजे मोदकाच्या ताटात कारल्याची भाजी, हे मी जाणतो. पण विमा कंपनीत उभी नोकरी केलेला माणूस दुसरे काय वाढणार? तेव्हा थोडक्यात सांगतो.

नोकरीधंद्यानिमित्त आपण कोलकात्याला आलो आणि इथलेच झालो. कालबैसाखी आपल्या अंगवळणी पडली आहे. चैत्र-वैशाखात संध्याकाळी काळे ढग आले की गारव्यासाठी आपण खिडक्या उघडतो. पण याच ढगांतून क्वचित टोर्नेडोची सोंड खाली उतरते. २४ मार्च १९९८ रोजी दांतन आणि लगतच्या ओडिशात तिने शंभराहून अधिक बळी घेतले. ३१ मार्च २०२४ रोजी जलपायगुडी जिल्ह्यात मैनागुडी भागात काही मिनिटांच्या वादळाने कित्येक घरे जमीनदोस्त केली. २० मे २०२० चे ‘अम्फान’ येणार हे आपल्याला काही दिवस आधी कळले होते. टोर्नेडो एवढी सवड देत नाही.

म्हणून काय करायचे ते आजच घरात ठरवून ठेवा. पक्क्या इमारतीत सर्वांत खालच्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या आतल्या खोलीत किंवा न्हाणीघरात जावे. डोके उशीने, गादीने झाकावे. पत्र्याच्या शेडखाली, झाडाखाली किंवा मोटारीत आसरा घेऊ नये. उघड्यावर सापडलात तर खोलगट जागी पालथे पडून हातांनी डोके झाका. वीज पडण्याची सूचना देणारे ‘दामिनी’ हे ॲप पुण्याच्या हवामान संस्थेने तयार केले आहे. ते मोबाइलवर जरूर घ्या.

जीव वाचला की घराचा प्रश्न येतो. १ एप्रिल २०२१ पासून विमा प्राधिकरणाने ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आणली. आग, भूकंप, पूर, चक्रीवादळ यांच्याबरोबर टोर्नेडो हा शब्दही तीत छापलेला आहे. मात्र तीन गोष्टींत आपली माणसे हमखास गफलत करतात.

पहिली, रकमेची. विमा बाजारभावाचा नसतो, घर पुन्हा बांधण्याच्या खर्चाचा असतो. समजा, चटईक्षेत्र ८०० चौरस फूट आणि बांधकाम खर्च फुटाला २,५०० रुपये, तर विमा २० लाखांचा. घरातल्या सामानाला त्याच्या २० टक्के, म्हणजे ४ लाखांचे संरक्षण आपोआप मिळते; त्याची कमाल मर्यादा १० लाख. सामान जास्त असेल तर यादी देऊन रक्कम वाढवता येते. दागिन्यांसाठी मात्र वेगळे जादा संरक्षण घ्यावे लागते.

दुसरी, कर्जाची. “बँकेने विमा काढलाय” असे सांगणाऱ्यांनी कागद उघडून पाहावा. पुष्कळदा तो कर्जदाराच्या आयुष्याचा असतो, घराचा नव्हे.

तिसरी, भाड्याच्या घराची. बदलीवर आलेल्यांना वाटते, घर आपले नाही, मग विमा कशाला? भिंती घरमालकाच्या असतील, पण फ्रिज, कपाट, टीव्ही तुमचेच ना? भाडेकरूलाही फक्त सामानाचा विमा काढता येतो. दाराशी उभ्या मोटारीसाठी मात्र मोटारीचाच सर्वसमावेशक विमा हवा. नुसत्या थर्ड पार्टीने भागणार नाही.

नुकसान झालेच तर कंपनीला ताबडतोब कळवा, फोटो काढा आणि सर्व्हेअर येईपर्यंत मोडके सामान फेकू नका. पॉलिसी आणि बिलांच्या प्रती गावाकडच्या भावाबहिणीकडेही पाठवून ठेवा. घरच कोसळले तर कपाटातला कागद कुठे शोधणार?

परप्रांतात संसार उभा करायला आपल्याला वीस-पंचवीस वर्षे लागली. तो पुन्हा उभा करायची वेळ आली तर हातात पैसा हवा. विसर्जनानंतरच्या रविवारी एक तास काढून आपापली पॉलिसी वाचा. समजले नाही तर मंडळात या, मी चहाच्या बोलीवर समजावून सांगेन.

गणपती बाप्पा मोरया!