डिझेल गाडीची काजळी आणि युरियाचे पाणी

भिलाईच्या वैशाली नगरात सकाळी सहाच्या सुमारास एखाद्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले, तर मालवाहू पिकअप गाड्यांची लगबग दृष्टीस पडते. सुपेल्याच्या बाजारातून भाजी उचलावयाची, ती पाच-सात दुकानांत उतरवावयाची, परत फिरून कुणाचे सिमेंट, कुणाची कपाटे, कुणाच्या घरबदलीचे सामान लादावयाचे, असा या गाड्यांचा दिनक्रम असतो. एकेक फेरी दोन-तीन किलोमीटरांची, आणि प्रत्येक थांब्यावर इंजिन बंद. डिझेल वाचविण्याची ही रीत पूर्वी शहाणपणाची मानली जात असे. १ एप्रिल २०२० नंतर विकल्या गेलेल्या गाड्यांच्या बाबतीत मात्र हेच शहाणपण कित्येकदा अंगाशी येते. समोरच्या फलकावर एक पिवळा दिवा लागतो, चालक त्याच्याकडे काणाडोळा करतो, काही दिवसांनी गाडीचा जोर ओसरतो, आणि नव्या गाड्यांत काही राम राहिला नाही, असे म्हणत मालक कारागिराच्या दारी जातो. वस्तुतः गाडी बिघडलेली नसते. तिला आपल्या पोटातील काजळी जाळावयाची असते, आणि त्यासाठी लागणारा अर्धा तास तिला कोणी देत नाही.

१ एप्रिल २०२० ही तारीख भारतातील वाहनांच्या इतिहासात महत्त्वाची आहे. त्या दिवसापासून भारत स्टेज सहा हे धुराचे मानक देशभर लागू झाले. चौथे मानक २०१७ मध्ये सर्वत्र आले होते. पाचवे ओलांडून सरकारने एकदम सहावे स्वीकारले. त्याबरोबर इंधनही बदलावे लागले. डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत ५० होते, ते १० वर आणण्यात आले. कारण गंधक अधिक असेल, तर धूर शुद्ध करणारी नवी साधने लवकर निकामी होतात. कायदा झाला, तेल शुद्धीकरण कारखाने बदलले, गाड्या बदलल्या. परंतु या गाडीचा स्वभाव बदलला आहे, हे चक्र हाती धरणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेत समजावून सांगण्याचे काम मात्र अर्धवटच राहिले. गाडीबरोबर मिळणारी पुस्तिका बहुधा सामानाच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत तशीच पडून असते.

हा स्वभाव समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. रूडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे इंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग येथे यशस्वी ठरले. त्यात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि तीत फवारलेले तेल आपोआप पेट घेते. या युक्तीमुळे हे इंजिन थोड्या तेलात अधिक काम करते. पण त्याच युक्तीतून दोन उपद्रव जन्म घेतात. तेलाच्या थेंबाला जेथे पुरेशी हवा मिळत नाही तेथे काजळी होते, आणि जेथे आच फार प्रखर होते तेथे हवेतील नायट्रोजन व प्राणवायू यांचा संयोग होऊन विषारी वायू तयार होतात. चुलीवरच्या भाकरीसारखीच ही गोष्ट आहे. आच मंद ठेवावी तर धूर होतो, वाढवावी तर भाकरी करपते. काजळी कमी करण्यासाठी इंजिन जुळवावे, तर नायट्रोजनचे वायू वाढतात; ते दाबावेत, तर काजळी उसळते. ही दोन्ही टोके सांभाळणे किती कठीण आहे, हे २०१५ मध्ये फोक्सवागेन प्रकरणाने जगाला दाखविले. सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांच्या संगणकांना चाचणी चालू आहे हे ओळखण्याची आणि तेवढ्यापुरते सभ्य वागण्याची विद्या शिकविण्यात आली होती! आणि हा प्रश्न केवळ डोळे चुरचुरण्याचा नाही. डिझेलचा धूर माणसाला कर्करोग देतो, असा स्पष्ट निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये दिला.

तेव्हा उपद्रव दोन आणि त्यांवरचे उपायही दोन. बहुतेक गैरसमज या दोहोंची गल्लत केल्यामुळे होतात. काजळीवर गाळणी आहे. नायट्रोजनच्या वायूंवर युरियाचे पाणी आहे.

गाळणी म्हणजे चिनी मातीसारख्या, उष्णता सोसणाऱ्या पदार्थाचे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे नळकांडे. त्यात शेकडो बारीक नळ्या असतात, पण एक नळी पुढून बंद तर शेजारची मागून बंद. त्यामुळे धुराला सरळ वाट मिळत नाही. नळीच्या सच्छिद्र भिंतीतून झिरपूनच त्याला बाहेर पडावे लागते, आणि काजळी आतच अडकते. पूर्वी घराघरांत कंदिलाची काच काजळली, म्हणजे संध्याकाळी राख लावून फडक्याने पुसली जाई. येथे काच नळाच्या आत आहे आणि तेथे कुणाचा हात पोहोचत नाही. म्हणून ती काजळी जागच्या जागीच जाळावी लागते. चालक मंडळी यालाच ‘रीजन’ म्हणतात.

गाडी महामार्गावर भरधाव चालली असेल, तर हे काम बरेचसे आपोआप होते. धुराचे तापमान अडीचशे ते चारशे अंशांवर पोहोचले की नायट्रोजनच्या वायूंपैकीच एक वायू काजळीला हळूहळू खात राहतो; एका चोराकरवी दुसऱ्या चोराला पकडावे, तसा हा प्रकार! परंतु वैशाली नगरच्या गल्ल्यांत धूर इतका तापतच नाही. मग गाळणीच्या अलीकडच्या व पलीकडच्या दाबांतील फरक पाहून संगणक ठरवितो की आता गाळणी भरली. तो नेहमीच्या फवाऱ्यानंतर थोडे जादा डिझेल सोडतो. ते उत्प्रेरकावर जळते, आणि गाळणीतील उष्णता सहाशे अंशांच्या आसपास जाते. काजळी पेटते व नाहीशी होते. त्या वेळी पंखा जोराने फिरतो, इंजिनाचा नाद किंचित बदलतो, तापलेल्या लोखंडासारखा वास येतो, डिझेलही अधिक खर्च होते. अनेक चालक या लक्षणांनाच घाबरतात आणि गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करतात. म्हणजे चूल नेमकी पेटली असता तीवर पाणी ओतण्यासारखेच हे झाले.

असे एकदा घडले तर फारसे बिघडत नाही. गाडी पुन्हा प्रयत्न करते. पण दर खेपेस काम अर्ध्यावर मोडले, तर जादा सोडलेल्या डिझेलचा काही अंश सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतो. ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते आणि मालक खूश होतो. वस्तुतः ऑइल पातळ होऊन इंजिन झिजू लागलेले असते. शेवटी संगणक गाडीचा जोर कमी करतो, आणि यंत्र जोडून सक्तीची सफाई करण्यावाचून इलाज उरत नाही. ज्या भिलाईत १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली, आणि जेथे एकदा पेटविलेली भट्टी वर्षानुवर्षे रात्रंदिवस तापती ठेवण्याची विद्या घराघरांत ठाऊक आहे, तेथे हे तत्त्व समजण्यास कठीण जाऊ नये.

मात्र काजळी जळाली तरी ऑइलमधील क्षारांची राख जळत नाही. ती साचत जाते, आणि लाखभर किंवा त्याहून अधिक किलोमीटरांनंतर गाळणी काढून धुवावी लागते. म्हणूनच अशा गाडीत कमी राखेचेच ऑइल घालावयाचे. रॉकेल मिसळलेल्या डिझेलचा मोह तर मुळीच धरू नये.

आता युरियाच्या पाण्याकडे वळू. पंपावर ‘डीईएफ’ किंवा नुसते ‘युरिया’ म्हणून मागितले जाणारे हे द्रावण म्हणजे वजनाने साडेबत्तीस टक्के शुद्ध युरिया, आणि उरलेले क्षारमुक्त पाणी. ते डिझेलमध्ये मिसळत नाहीत. त्याची टाकी निराळी, झाकण बहुधा निळे. तापलेल्या धुरात त्याचा फवारा पडला की युरियापासून अमोनिया होतो, आणि उत्प्रेरकावर अमोनिया व नायट्रोजनचे वायू यांची गाठ पडून निरुपद्रवी नायट्रोजन आणि पाण्याची वाफ तयार होते. गाळणीच्या सफाईशी याचा संबंध नाही. सफाईत जळते ते डिझेल. त्यामुळे दिवा लागला म्हणून निळ्या झाकणाखाली द्रावण ओतत राहणे व्यर्थ आहे. साऱ्याच लहान पिकअपना हे द्रावण लागते असेही नाही. काहींत नायट्रोजनचे वायू साठवून ठेवणारा वेगळा उत्प्रेरक असतो.

खर्चाचा अंदाज बांधणे सोपे आहे. शंभर लिटर डिझेलमागे साधारण तीन ते पाच लिटर द्रावण लागते. लिटरला बारा किलोमीटर धावणारी गाडी हजार किलोमीटरांत अडीच ते चार लिटर द्रावण पिते. ओझे वाढले की हा आकडाही वाढतो. टाकी रिकामी झाली, तर गाडीच्या प्रकारानुसार तिचा जोर कमी केला जातो, किंवा एकदा बंद केलेले इंजिन पुन्हा सुरूच होत नाही. या पाण्याचे महत्त्व केवढे आहे, हे २०२१ च्या हिवाळ्यात दक्षिण कोरियाने अनुभवले. चीनने युरियाची निर्यात आखडली, आणि मालमोटारी थांबण्याच्या भयाने त्या सरकारने लष्करी विमान धाडून ऑस्ट्रेलियाहून २७ हजार लिटर द्रावण आणविले.

अशा वेळी आपल्याकडे एक कल्पना सुचतेच. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याच्या घरी असते. ती पाण्यात विरघळविली की झाले! पण २०१५ पासून शेतीचा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला असतो, त्यात इतरही अशुद्ध द्रव्ये असतात, आणि नळाच्या पाण्यात क्षार. फवाऱ्याचे बारीक तोंड बुजते, उत्प्रेरक निकामी होतो, आणि काही रुपयांच्या बचतीपायी हजारोंचा भुर्दंड बसतो. शिवाय तो युरिया अनुदानाचा, धानाच्या बांधीसाठी दिलेला. तो गाडीत ओतणे बेकायदेशीर आहे, ही गोष्ट वेगळीच. तयार द्रावणही उन्हात ठेवू नये. छत्तीसगढच्या मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली ठेवलेला डबा पुढच्या वर्षापर्यंत टिकेल, अशी आशा धरू नये. तांब्या-पितळेच्या भांड्याला तर त्याचा स्पर्शही नको.

याहून घातक असा एक उपाय अलीकडे कानोकानी सांगितला जातो. गाळणी कापून काढावी, संगणकाला फसवावे, म्हणजे कटकट मिटली. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याने दिलेल्या रचनेत असा फेरफार करता येत नाही. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी हिशेब चुकतोच. कटकट मिटत नाही, ती दुसऱ्याच्या छातीत जाते. गल्लीबोळांतून सकाळी सहा वाजता फिरणारी गाडी शाळेच्या बसची वाट पाहणाऱ्या मुलांच्या तोंडासमोरूनच जात असते, आणि भाजी उतरविणारा हमाल तर दिवसभर तिच्या मागेच उभा असतो.

ज्यांचा धंदाच दोन किलोमीटरांच्या फेऱ्यांचा आहे, त्यांनी काय करावे? दिवा लागताच पुस्तिकेतील सूचना वाचावी किंवा वाचवून घ्यावी. सामान्यतः पंधरा-वीस मिनिटे ते अर्धा तास, पन्नास-साठच्या वेगाने, न थांबता गाडी चालविली की काम होते. सफाई चालू असता गाडी वाळक्या गवतावर किंवा भाताच्या पेंढ्यावर, ज्याला तिकडे पैरा म्हणतात, त्यावर उभी करू नये. खालचा नळ आग लावण्याइतका तापलेला असतो. वैशाली नगरच्या चालकाला या बाबतीत भाग्यवानच म्हटले पाहिजे. तो राष्ट्रीय महामार्ग ५३ ला लागला, की दुर्ग मागे टाकून राजनांदगावकडे जाणारा, पुढे देवरी, साकोली, भंडारा करीत नागपूर गाठणारा मोकळा रस्ता त्याच्यापुढे असतो. आठवड्यातून एखादे भाडे त्या बाजूचे घेतले, तर डिझेलही वाया जात नाही. राजनांदगावच्या वेशीपर्यंत पोहोचेतो पंखा शांत झालेला असतो आणि फलकावरचा पिवळा दिवा विझलेला असतो.