सजीव कशाला म्हणायचे?

सजीवाची सर्वांत पक्की खूण म्हणजे पेशी. जिवाणूचे सगळे शरीर एकाच पेशीचे, माणसाचे अब्जावधी पेशींचे. पेशीत चयापचय अखंड चालतो: अन्नातून ऊर्जा मिळवायची, तिच्यावर शरीर चालवायचे आणि टाकाऊ पदार्थ बाहेर टाकायचे. मटकीला मोड येताना हे हाताला जाणवते. दाणे जोमाने श्वसन करतात, म्हणून फडक्यात बांधलेली मटकी उबदार लागते. कोरड्या दाण्यातही जीव असतोच, फक्त चयापचय अतिशय मंदावलेला असतो. इस्राएलमधील मसादा किल्ल्यात सापडलेले खजुराचे सुमारे २,००० वर्षांपूर्वीचे बी २००५ मध्ये रुजले!

वाढ आणि हालचाल या खुणा मात्र एकट्याने पुरेशा नाहीत. मिठाचा स्फटिकही द्रावणात वाढतो, पण बाहेरून थर चढून. सजीव वाढतो तो आतून, पेशींचे विभाजन होऊन. वनस्पती जागा सोडत नाहीत, तरी लाजाळूचे पान स्पर्श होताच मिटते, कारण देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर भागातील पेशींमधून पाणी निघून जाते. प्रजननाचेही तसेच. पोळ्यात राणी असताना कामकरी माशी सहसा अंडी घालत नाही, म्हणून ती निर्जीव ठरत नाही. हे लक्षण एकेका जिवाला नव्हे, जातीला लावायचे असते. आनुवंशिक माहिती डीएनएतून पुढच्या पिढीत जाते, आणि तिच्यातील बारीक बदलांतून उत्क्रांती घडते.

विषाणू या चौकटीत नीट बसत नाहीत. त्यांना पेशी नाही, स्वतःचा चयापचय नाही. दुसऱ्याच्या पेशीत शिरल्यावरच त्यांच्या प्रती निघतात. १९३५ मध्ये वेंडेल स्टॅन्ली यांनी तंबाखूवरील विषाणूचे स्फटिक मिळवले, आणि ते रोपाला रोग लावू शकत होते.