माझ्या दुखण्याचा जमाखर्च

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



आरंभीच एक परवानगी मागते. मी हे भाषण बसून करणार आहे. उभे राहून बोलण्याचा रिवाज मला ठाऊक आहे. पण दहा मिनिटे उभी राहिले, तर त्याचे व्याज मला पुढचे दोन दिवस अंथरुणात फेडावे लागते. असे का, तेच आज सांगायचे आहे. गेल्या महिन्यात चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला नक्की होते तरी काय, ते एकदा सगळ्यांना सांगाच." हा प्रश्न त्यांनी मला तोंडावर विचारला, याचेच बरे वाटले. इतकी वर्षे तो माझ्या पाठीमागे विचारला जात होता.

जुन्या सभासदांना आठवत असेल, भोंडल्याची खिरापत आणि कोजागिरीचे दूध ही कामे माझ्याकडे असत. २००९ च्या ऑगस्टमध्ये आपल्या पुण्यात स्वाइन फ्लूची साथ आली. शाळा बंद झाल्या, जो तो तोंडाला रुमाल बांधून हिंडू लागला. त्याच दिवसांत मला ताप आला. तो स्वाइन फ्लूचा होता की साधा, याची तपासणी काही झाली नाही. पाच दिवसांत ताप उतरला. मी मात्र उठले नाही.

दिवाळीचा फराळ करून येणारा थकवा आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. तो एका झोपेत जातो, आणि त्यात एक समाधानही असते. हा थकवा तसा नव्हे. रात्रभर झोपून उठावे, तर रात्रभर दळण दळल्यासारखे अंग. उभी राहिले की छाती धडधडे. दूधवाल्याचा महिन्याचा हिशोब, जो मी बोटांवर करीत असे, तो कागदावरही जुळेना. आणि सर्वांत चमत्कारिक गोष्ट म्हणजे श्रमाची शिक्षा उशिरा मिळे. सोमवारी चादरी धुवाव्यात, मंगळवारी बरे वाटावे, आणि बुधवारी अशी कोसळावे की पाण्याचा तांब्या उचलवू नये.

तपासण्या झाल्या. रक्त कमी आहे का, थायरॉईड, साखर, क्षय, बी-बारा. सगळे ठीक निघाले. 'रिपोर्ट नॉर्मल आहेत' हे ऐकून माणसाला आनंद व्हावा. मला रडू येई. एका डॉक्टरांनी घरात काही ताण आहे का म्हणून विचारले. दुसऱ्यांनी रोज फिरायला जा, दर आठवड्याला थोडे वाढवा, असे सांगितले. मी सारसबागेला फेऱ्या घालू लागले. पहिल्या आठवड्यात एक, दुसऱ्यात दोन. चौथ्या आठवड्यात यजमानांनी मला रिक्षात घालून घरी आणले. सासूबाई म्हणत, "आमच्या वेळी असे पडून राहायला सवड नव्हती." त्यांच्या मनात वाईट नव्हते. धाकट्या जाऊबाई मात्र स्वयंपाकघरात पुटपुटत, "कामाच्या वेळी बरा थकवा येतो!" भगिनींनो, दुखणे सोसवते, पण आपले दुखणे खोटे आहे असे घरातल्यांना वाटते, हे सोसवत नाही. पुढे पुढे मलाही तसेच वाटू लागले होते.

२०११ च्या पावसाळ्यात एका डॉक्टरांनी प्रथमच माझे सगळे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि आजाराचे नाव सांगितले: क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे दीर्घकाळचा थकवा. त्यालाच एम.ई. असेही म्हणतात. हा ओळखण्यासाठी आजही रक्ताची एखादी खात्रीची तपासणी नाही. सहा महिन्यांहून अधिक टिकलेला थकवा, श्रमानंतर कोसळणे, झोपेने ताजेतवाने न होणे, डोके न चालणे किंवा उभे राहणे न सोसणे, अशी लक्षणे जुळवून आणि दुसरे आजार नाहीत अशी खात्री करून तो ठरवावा लागतो.

त्या डॉक्टरांनीच मला एक हकिकत सांगितली. १९५५ च्या जुलैमध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात कर्मचारीच एकामागून एक आजारी पडू लागले, आणि त्यांत परिचारिका पुष्कळ होत्या. आजारी माणसांची संख्या शेकड्यांवर गेली आणि ऑक्टोबरपर्यंत हॉस्पिटल बंद ठेवावे लागले. पुढे १९७० मध्ये दोन मानसतज्ज्ञांनी त्या रोग्यांना न तपासता, नुसती जुनी टिपणे चाळून, हा सामुदायिक हिस्टेरिया असावा असे लिहिले. आणि त्यांच्या निष्कर्षाचे एक कारण असे की आजारी पडलेल्यांत बायका फार होत्या! हे ऐकून मला आमचे स्वयंपाकघरच आठवले. एरवी जागतिक आरोग्य संघटनेने १९६९ मध्येच हा आजार मज्जासंस्थेच्या आजारांत घातलेला होता.

नाव मिळाले, तसे औषध मिळावे ही आशा उभी राहिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये माझा भाचा एक बातमी घेऊन आला. नॉर्वेतल्या बर्गेन येथील कर्करोगाच्या डॉक्टरांच्या ध्यानात आले होते, की कर्करोगावर औषध दिलेल्या एका रोग्याचा हा जुना थकवाही उतरला. म्हणून त्यांनी तीस रोगी घेतले. निम्म्यांना रिटुक्सिमॅब नावाचे औषध दिले, निम्म्यांना नुसते सलाईन. औषध घेतलेल्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश लोकांना आराम पडला. मी रात्रभर जागी होते. औषध अतिशय महाग. सकाळी कपाट उघडून मी माहेरच्या दोन पाटल्या बाहेर काढल्या.

डॉक्टरांनी साफ नकार दिला. म्हणाले, "तीस माणसांवरून काही ठरत नाही. या औषधाने शरीराची प्रतिकारशक्ती कमी होते. मोठी चाचणी होऊ द्या, मग पाहू." मला फार राग आला. माझे आयुष्य अंथरुणात चालले आहे आणि हे मला थांबायला सांगतात! त्यांच्याकडे जाणेच मी सोडले.

मग मी अशा एका ठिकाणी गेले, जिथे 'नाही' म्हणत नसत. दहा इंजेक्शनांचा क्रम होता, सलाईनमधून देत. त्यात काय आहे, ते मी विचारले नाही. एक पाटली मोडली. सहाव्या इंजेक्शनानंतर मला खरोखरच हुशारी वाटू लागली. २०१२ चे गणपती आले होते. तीन वर्षांत देवापुढे माझ्या हातचा नैवेद्य नव्हता. मी पदर खोचला आणि दोन दिवसांत शंभरावर उकडीचे मोदक वळले. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. जाऊबाईही म्हणाल्या, "झालात की बऱ्या!" गौरी गेल्या आणि त्यांच्या पाठोपाठ मी अंथरूण धरले, ती संक्रांतीला उठले.

आता मला सांगा, इंजेक्शनांनी खरेच गुण आला होता का? आणि कोसळले ती औषधाने, की मोदकांनी? मला आजतागायत ठाऊक नाही. कारण मी त्या दिवसांचे काहीच लिहून ठेवले नव्हते. घरातल्या कोथिंबिरीचा हिशोब ठेवणारी मी, पाटली मोडून घेतलेल्या औषधाचा हिशोब ठेवला नाही!

पुन्हा जुन्या डॉक्टरांकडे गेले. ते रागावले नाहीत. "एक वही घाला," एवढेच म्हणाले. त्या वहीचे नियम आम्ही दोघांनी ठरवले. औषध सुरू करण्याआधी दोन आठवडे नुसती प्रकृती लिहायची. एका वेळी एकच नवे औषध. ते किती दिवस घ्यायचे आणि गुण नसेल तर कधी बंद करायचे, याची तारीख आधीच ठरवायची. आणि बरे वाटले तरी काम वाढवायचे नाही, म्हणजे गुण कशाचा ते कळते. हा शेवटचा नियम पाळणे फार कठीण!

वही काय सांगते ते ऐका. झोपेसाठी लहान मात्रेची गोळी घेतली. झोप सुधारली, पण सकाळी तोंड कोरडे आणि डोके जड. मात्रा आणखी उतरवून ती ठेवली. नैराश्यावरची गोळी ठरलेले चार महिने घेतली. काही फरक नाही. त्या गोळीत लाज वाटण्यासारखे काही नाही, आणि ज्यांना नैराश्य आहे त्यांना ती तारते. माझे दुखणे ते नव्हते, इतकेच. २०१७ मध्ये नालट्रेक्सोन हे औषध अगदी अल्प मात्रेत सुरू केले. मोठ्या मात्रेत ते अफूसारख्या पदार्थांचे व्यसन सोडवायला वापरतात. या आजारात त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले. पहिले काही आठवडे विचित्र स्वप्ने पडली. दोन महिन्यांनी अंगदुखी रुपयात चार आणे कमी झाली. थकवा होता तेवढाच. चार आणे तर चार आणे, म्हणून ते चालू आहे.

आणि मग २०१९ मध्ये नॉर्वेतल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. या खेपेस १५१ रोगी होते आणि त्यांच्याकडे दोन वर्षे लक्ष ठेवले होते. रिटुक्सिमॅब घेणाऱ्यांत शंभरात २६ जणांना आराम पडला. आणि ज्यांच्या सलाईनमध्ये औषधच नव्हते, त्यांच्यात शंभरात ३५ जणांना! ज्यांनी पहिल्यांदा ही आशा दाखवली, त्याच डॉक्टरांनी हा निकालही प्रामाणिकपणे छापला. सलाईनवाले खोटे बोलत नव्हते, भगिनींनो. हा आजार आपणहून चढतो-उतरतो, आणि आशेनेही माणूस चार पावले चालते. म्हणूनच तर वही हवी, आणि मोठी चाचणीही हवी.

उरलेली पाटली हातात घालून मी डॉक्टरांकडे गेले आणि त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "क्षमा कसली? हे औषध लागू पडावे, असे मलाही वाटत होते." त्यांचा चेहराही उतरलेलाच होता.

हा आजार मुळापासून बरा करील असे सिद्ध झालेले औषध आजही नाही. मग मी कशावर चालते? जमाखर्चावर. माझ्या दिवसाची मिळकत आठ आणे आहे असे धरते आणि सहाच आणे खर्चते. न्हाण्याच्या दिवशी स्वयंपाक नाही. भाजी चिरायची ती बसून. लेकीच्या लग्नात मुहूर्त आणि पंगत यांच्या मध्ये मी कार्यालयाच्या खोलीत दार लावून दोन तास निजले. नंतर पंगतीत वाढायला नव्हते, पण पाठवणीला उभी होते. व्यायाम वाढवत नेऊन हा आजार बरा करू पाहू नये, असे इंग्लंडच्या नाइस या आरोग्यसंस्थेनेही ऑक्टोबर २०२१ मध्ये आपल्या मार्गदर्शनात सांगितले. ते वाचून मला सारसबागेच्या फेऱ्या आठवल्या.

त्याच वर्षी धाकट्या जाऊबाईंना कोरोना झाला. ताप गेला, पण पाच महिने झाले तरी जिना चढवेना. रिपोर्ट सगळे नॉर्मल. एका दुपारी त्या माझ्या खोलीत आल्या, पलंगाच्या कडेवर बसल्या, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वहिनी, तुमची ती वही कशी लिहितात, दाखवता का?" मी पहिले पान त्यांना आखून दिले. त्या आता पुष्कळशा बऱ्या आहेत. मी नाही, पण स्वयंपाकघरात आता कोणी पुटपुटत नाही.

मंडळाकडे माझे एवढेच मागणे आहे. कोणी बाई 'थकले' म्हणाली तर आधी विश्वास ठेवा, मग तिला डॉक्टरांकडे न्या. "बऱ्या दिसता हो!" असे म्हणण्यापेक्षा "येऊन भाजी चिरून देऊ का?" म्हणा. आणि माझी औषधे ऐकून ती कोणी आणू नका. आणायची तर फक्त वही आणा.

आता माझी आजची शिल्लक संपली. उद्या-परवा मी खिडकीत दिसले नाही, तर काळजी करू नका. या भाषणाचा खर्च मी सकाळीच वहीत लिहून ठेवला आहे, आणि तो मी आनंदाने केलेला आहे.