पडलेल्या मोटारसायकलचा हिशेब

मोटारसायकल किरकोळ अपघातात सापडली की जे सगळ्यांत वाईट दिसते ते बहुधा स्वस्तात सुटते, आणि जिवावर बेतणारा दोष रंगाखाली किंवा रबरी टोपणाखाली दडून राहतो. लोंबकळणारा इंडिकेटर, चिरलेला मडगार्ड, खरवडलेली टाकी पाहून मालकाचा जीव हळहळतो; पण गाडी रस्त्यावर सरळ चालण्याशी या तिन्हींचा संबंध नाही. म्हणून दुरुस्ती करायची की नाही, आणि करायची तर किती, हे ठरवताना आधी पाहायचे ते गाडी कशी पडली हे.

नागपूरच्या सीताबर्डीसारख्या बाजारपेठेत हे पडणे साधारण तीन तऱ्हांचे असते. मोदी नंबरच्या गल्ल्यांत एकमेकींना खेटून लावलेल्या गाड्यांपैकी एखादीला धक्का बसतो आणि सगळी ओळ आडवी होते. इथे नुकसान बहुधा लिव्हर, आरसा आणि टाकीवरच्या पोच्यापुरते राहते. दुसरी तऱ्हा पावसाच्या पहिल्या सरीची. रस्त्यावर साचलेले तेल पाण्यावर तरंगते आणि व्हरायटी चौकात वळताना चाक निसटते. गाडी कुशीवर घसरत जाते. फूटरेस्ट, सायलेन्सर, लेगगार्ड घासतात, ब्रेकचे पायडल आत वळते. तिसरी तऱ्हा म्हणजे नाकावरची धडक: अचानक थांबलेल्या ऑटोला किंवा डिव्हायडरला पुढचे चाक आदळणे. वेग कमी असला, अंगावर ओरखडाही नसला, तरी ही धडक किरकोळ समजू नये. तिचा सगळा भार चाकातून शॉकअपमध्ये आणि तिथून चेसिसच्या मानेत जातो.

चालवणाऱ्याला लागले आहे का, हे पाहून झाल्यावर गाडी उभी करावी आणि पेट्रोलचा वास येतो का ते पाहावे. लगेच किक मारू नये. आडव्या गाडीतले ऑइल एअर फिल्टरकडे गेलेले असू शकते. ते काही मिनिटांत खाली उतरते. इंजेक्शनच्या बऱ्याच नव्या गाड्यांत गाडी आडवी झाली की इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. अशी गाडी सुरू होत नाही म्हणून मेकॅनिकला बोलावण्याआधी किल्ली एकदा बंद करून पुन्हा चालू करावी.

आता मुख्य तपासणी. पडल्यावर सर्वांत जास्त घबराट उडते ती हँडल वाकडे दिसल्यामुळे: चाक सरळ, हँडल डावीकडे. अशा गाडीत पुष्कळदा काहीच वाकलेले नसते. दोन्ही शॉकअप वर-खाली ज्या पकडीत बसतात, तिला गॅरेजात टी म्हणतात. धक्क्याने शॉकअप त्या पकडीत नुसते पिळले जातात. टीचे आणि पुढच्या ॲक्सलचे बोल्ट सैल करायचे, पुढचे चाक दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरायचे, हँडल ओढून सरळ करायचे आणि पुढचा ब्रेक दाबून शॉकअप चार-पाच वेळा खालीवर दाबायचे. पीळ सुटतो. मग बोल्ट नेमक्या ताकदीने आवळायचे. या कामाला सुटा भाग एकही लागत नाही. तेव्हा हे करून पाहण्याआधीच कोणी शॉकअपचा जोड बदलायला सांगत असेल, तर आणखी एका गॅरेजात दाखवणे बरे.

एवढे करूनही हँडल सरळ येत नसेल, किंवा शॉकअप दाबताना एका जागी अडकत असेल, तर पाईप वाकला आहे. तो काढून जाड सपाट काचेवर लोटला की वाकलेली जागा काचेपासून उचललेली दिसते. पुष्कळ कंपन्यांच्या सर्व्हिस पुस्तकांत फोर्क पाईपला ०.२ मिलिमीटरपर्यंतच बाक चालतो. प्रेसवर बाक काढून देणारे कारागीर आहेत, काही फार तरबेजही आहेत. पण वाकून सरळ केलेल्या पाईपच्या क्रोमला बारीक चिरा पडतात, त्या ऑइल सील कापतात आणि थोड्याच दिवसांत शॉकअप गळू लागतो. पाईप बदलावा.

चाकाची गोष्ट निराळी. आऱ्यांच्या चाकाचा बाक निपल आवळून काढता येतो आणि तसे काढलेले चाक वर्षानुवर्षे चालते. अलॉय चाकाला तडा गेला असेल तर वेल्डिंगच्या भानगडीत पडू नये. मेनस्टँडवर गाडी लावून पुढचे चाक अधांतरी करावे, ते फिरवून रिम डुलते का ते पाहावे, मग हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवावे. मध्येच खाच लागल्यासारखे वाटले तर कोनसेट, म्हणजे मानेतल्या बेअरिंगचा संच, गेला. तोही बदलता येतो आणि खर्च फार नाही.

निर्णय खऱ्या अर्थाने फिरतो तो चेसिसपाशी. टाकीच्या पुढे, जिथे चेसिसचे नळ मानेला जोडलेले असतात, तिथे वेल्डिंगजवळचा रंग तडकला किंवा पापुद्र्यासारखा सुटला असेल, तर खालचे लोखंड हलले आहे. आणखी एक परीक्षा दोरीची. मागच्या टायरला मागून दोरी घालून दोन्ही टोके पुढच्या चाकापर्यंत ताणली की दोन्ही बाजूंचे अंतर सारखे भरले पाहिजे. मागचे चाक ज्या चिमट्यात बसते त्यात ते सरळ बसवूनही अंतर सारखे भरत नसेल, तर चिमटा किंवा चेसिस वाकलेले. रोजच्या वापराच्या गाडीचे चेसिस सरळ करून घेण्यात शहाणपण नाही. बदलायचे म्हटले तर चेसिस नंबर त्याच्यावरच कोरलेला असल्याने आरटीओचे सोपस्कारही आलेच.

वाकलेले पायडल, लेगगार्ड, फूटरेस्टचा दांडा हे पोलादी भाग सरळ करून चालतात. ॲल्युमिनियमचा लिव्हर मात्र वळवू नये. तो सरळ झाल्यासारखा दिसतो आणि ऐन ब्रेक लावताना तुटतो. नागपूरच्या उन्हात कडक झालेले प्लास्टिक हलक्या धक्क्यानेही चिरते. ते तसेच ठेवले तरी बिघडत नाही. फक्त दिवे, इंडिकेटर आणि नंबरप्लेट शाबूत हवेत. हेल्मेट डोक्यासह आपटले असेल तर ते गाडीआधी बदलावे, बाहेरून कितीही धड दिसले तरी. आतला थर्मोकोल एकदाच दबतो.

पैशाचा हिशेब यानंतर. नवी दुचाकी घेताना १ सप्टेंबर २०१८ पासून पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, पण त्यात स्वतःच्या गाडीचे नुकसान येत नाही. ते ओन डॅमेजमध्ये येते आणि त्याचे नूतनीकरण अनेकांकडून राहून जाते. हा विमा असेल तर गाडी उघडण्याआधी कंपनीला कळवावे आणि फोटो काढून ठेवावेत. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के घसारा कापला जातो. धातूच्या भागांवर तो वयानुसार: दोन ते तीन वर्षांच्या गाडीला १५ टक्के, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. मजुरीवर घसारा नाही.

समजा, तिसऱ्या वर्षातल्या, आतापर्यंत एकही क्लेम नसलेल्या गाडीचे बिल कर सोडून ४,५०० रुपये झाले: प्लास्टिक २,५००, धातूचे भाग १,२००, मजुरी ८००. प्लास्टिकचे १,२५०, धातूचे १,०२० आणि मजुरीचे ८०० असे ३,०७० रुपये मान्य होतील. सक्तीची वजावट १०० धरली तर हाती २,९७०. उलट बाजूला नो क्लेम बोनस बुडतो. तो २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढतो. क्लेम केला की शून्यापासून सुरुवात. ओन डॅमेजचा मूळ हप्ता १,००० रुपये धरला, तर पुढच्या पाच नूतनीकरणांत मिळून सुमारे १,०५० रुपयांची सूट जाते. म्हणजे इथे क्लेम करणेच फायद्याचे. बोनस जाईल या धास्तीने खिशातून पैसे भरणारे बरेच जण दुचाकीला मोटारीचा हिशेब लावतात. बिल दीड हजाराचे आणि बहुतांश प्लास्टिकचे असेल, तर मात्र मिळणारी रक्कम हजाराच्याही आत येते. तेव्हा कागदपत्रांच्या मागे लागू नये.

दुरुस्तीचा खर्च विम्यात लिहिलेल्या गाडीच्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते. कर्ज बाकी असेल तर त्या भरपाईवर पहिला हक्क कर्ज देणाऱ्याचा.

विमा नसलेल्या जुन्या गाडीला साधा आडाखा पुरतो: पडण्याआधी तिला बाजारात जी किंमत आली असती, तिच्या निम्म्याहून जास्त खर्च येत असेल तर थांबून विचार करावा. नोंदणीची १५ वर्षे भरत आली असतील तर नूतनीकरणाचा आणि पर्यावरण कराचा खर्चही त्यात मिळवावा. मात्र इंजिन धड, चेसिस सरळ आणि नुकसान फक्त पुढच्या भागाचे असेल, तर जुनी गाडी दुरुस्त करणे सहसा नवीन कर्जापेक्षा स्वस्त पडते.

दुरुस्त न करता गाडी विकायची ठरली, तर नुसत्या सहीच्या कागदावर ती देऊ नये. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे विक्रीची माहिती १४ दिवसांत आरटीओला द्यावी लागते, आणि नाव बदलेपर्यंत त्या गाडीने पुढे केलेल्या अपघाताची जबाबदारी कागदोपत्री मालकावरच येते. भंगारात काढायची असेल तर त्याच कायद्याच्या कलम ५५ खाली तेही १४ दिवसांत कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी. नंबर एमएच ३१ असेल तर नागपूर शहर, ४९ असेल तर पूर्व नागपूर आणि ४० असेल तर ग्रामीण, असे हे आरटीओ वेगवेगळे आहेत.